तीन नंबरची साक्ष

आमच्या कॉलेजात यायचं तर आधी टायरच्या दुकानासमोरून जावं लागतं. खाली टायर, वर कायदा. जिना इतका अरुंद आहे की दोन वकील एका वेळी चढू शकत नाहीत आणि एकमेकांना वाट देणं त्या धंद्यात बसत नाही, असा विनोद आमचे प्राचार्य दर वर्षी स्वागताच्या भाषणात करतात. पहिल्या वर्षाची मुलं हसतात. दुसऱ्या वर्षापासून हसत नाहीत.

दोन मजल्यांत आम्ही बरंच काही बसवलंय. शाळा संपवून येणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीधरांसाठी तीन वर्षांचा, नोकरदारांसाठी संध्याकाळची कामगार कायद्याची पदविका, आणि मसुदालेखनाचा सहा महिन्यांचा एक वर्ग, ज्याला सात-आठ जण येतात आणि त्यातले दोघे चुकून आलेले असतात. माहितीपत्रकात हे सगळं चार रंगांत छापलेलं असतं. शेवटच्या पानावर 'सुसज्ज अभिरूप न्यायालय' असा फोटो आहे. विद्यार्थी त्याला सरळ 'खोटं कोर्ट' म्हणतात. फोटोत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही आणि वकील तर नाहीच. ग्रंथालयातले मदतनीस आहेत ते. सगळे त्यांना 'तीन नंबर' म्हणतात.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे पुराव्याचा कायदा शिकवायला लागलो, तेव्हा उलटतपासणीच्या सरावासाठी आम्ही विद्यार्थ्यांनाच साक्षीदार करायचो. ते काही जमत नव्हतं. वकील झालेल्या मित्राला मार्क मिळावेत म्हणून साक्षीदार झालेला मुलगा तिसऱ्याच प्रश्नाला आरोपी निर्दोष आहे असं सांगून मोकळा व्हायचा. एकदा साक्षीदार क्रमांक तीन तापाने घरी राहिला. मी चिडून जिन्यात आलो, तर ग्रंथालयात नवीनच लागलेला मदतनीस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वर येत होता. मी त्याचा गठ्ठा पायरीवर ठेवायला लावला, हातात फाइल दिली आणि म्हटलं, "एवढं वाच आणि विचारतील तसं सांग."

त्याने फाइल दोनदा वाचली आणि पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी अकरा विद्यार्थ्यांनी त्याच्यापुढे हात टेकले. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात 'तो'चा 'ते' झाला आणि नावाचा आकडा झाला.

फाइल सायकलचोरीची आहे. मी लिहिली आहे, त्यामुळे तिच्याविषयी फारसा नम्र नाही. साक्षीदार क्रमांक तीन संध्याकाळी आपल्या गॅलरीत उभा असतो, चाळीस पावलांवर एक माणूस सायकल घेऊन जाताना त्याला दिसतो आणि पुढे तो त्या माणसाचा चेहरा ओळखतो. फाइलमध्ये मी मुद्दाम तीन भोकं ठेवली आहेत: उजेड कमी होता, अंतर जास्त होतं, आणि शर्टाचा रंग आधी निळा सांगितला, मग राखाडी. विद्यार्थ्याने निदान एका भोकात बोट घालून आपल्या अशिलाच्या कामी येईल असं एक तरी उत्तर काढायचं. तेवढं जमलं की तो पास.

तीन नंबर ही भोकं अशी बुजवायचे की बघत राहावं. त्यांची पद्धत एकच होती आणि ती ते कोणालाही सांगायचे. "विचारलं तेवढंच सांगायचं." विद्यार्थी विचारायचा, "तेव्हा किती वाजले होते ते तुम्ही सांगू शकाल का?" तीन नंबर म्हणायचे, "हो." आणि गप्प. विद्यार्थी वाट बघायचा, कपाळ पुसायचा, मग त्याला कळायचं की वेळ आपण विचारलेलीच नाही. आमच्या प्राध्यापकांना हे साधलं असतं तर बैठका निम्म्या वेळात संपल्या असत्या.

वर्गातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला ते पहिल्या खेपेला नापास करायचे आणि कोणाविषयीही त्यांच्या मनात काही नसायचं. प्राचार्यांच्या भाच्याला त्यांनी दोनदा नापास केलं. प्राचार्यांनी एकदा आडून आडून विषय काढला, तेव्हा तीन नंबर म्हणाले, "साहेब, त्यांनी विचारलंच नाही." यात खोटं काही नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने आमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वय सत्तेचाळीस. त्या एका दस्तलेखकाकडे टायपिंग करायच्या. प्रवेशाच्या मुलाखतीत मी विचारलं, आता या वयात कायदा कशाला. म्हणाल्या, "सर, वीस वर्षं लोकांचे करारनामे टाइप केले. त्यांत लिहिलंय काय, ते आता कळून घ्यायचंय." बाकीचे सगळे चोवीस-पंचवीसचे, त्यामुळे वर्गात त्या काकू झाल्या.

"काकू, तुम्हाला उलटतपासणी शिकवायची काय गरज?" मुलं चिडवायची. "घरी रोज सराव होत असेल."

"घरी ते उत्तरच देत नाहीत," काकू म्हणायच्या.

काकू हुशार होत्या असं मी म्हणणार नाही. चिवट होत्या. मुलीच्या बाळंतपणात त्यांचं एक वर्ष गेलं, एका विषयात एकदा घसरल्या, पण एकेक करून सगळे विषय सोडवले. राहिली फक्त उलटतपासणीची तोंडी परीक्षा. तिथे गाडी अडली. गेल्या वर्षी पिंजऱ्यातल्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला त्यांचा धीर सुटला. "अहो, नीट सांगा ना," त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे होतात का तरी?" वर्ग हसून लोटपोट. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला, 'वकिलाने साक्षीदाराची मनधरणी केली', आणि नापास केलं. तीन नंबर पिंजऱ्यातून उतरले आणि दोघं एकाच छत्रीतून घरी गेले.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांत पुरा करावा लागतो. नाही झाला तर झालेलं सगळं रद्द होतं आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात. काकूंचं हे पाचवं वर्ष होतं आणि ही परीक्षा शेवटची संधी. नियमाला फट नव्हती. मी शोधून पाहिली होती.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला तेव्हा माहीत नव्हती, पण वाचकापासून लपवून काही साधायचं नाही. तीन नंबरांना दिसत नव्हतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार होता. त्यात मधलं पुसत जातं आणि कडा राहतात. माणूस चालतो, फिरतो, जिना चढतो, दारात अडखळत नाही, पण समोरच्याचा चेहरा आणि कागदावरचं अक्षर त्याला दिसत नाही. तीन वर्षं हे चाललं होतं आणि कॉलेजात त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. जुनी पुस्तकं ते जागेवरून आणि बांधणीवरून ओळखायचे. नवी आली की काकू अभ्यासाच्या नावाखाली ग्रंथालयात बसायच्या आणि पाठीवरची नावं हळू आवाजात वाचून दाखवायच्या. मी कितीदा ते पाहिलं आणि मला वाटलं, बाई मोठ्याने वाचून पाठ करतायत.

लपवायला कारण होतं. आमच्या संचालकांना जागेवर माणूस धडधाकट लागतो. आदल्या वर्षी रखवालदाराला कमी ऐकू येतं असं त्यांच्या कानावर गेलं आणि महिन्याच्या आत फाटकावर नवा माणूस उभा राहिला. तीन नंबरांची नोकरीची चार वर्षं उरली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रंथालय गेलं असतं तर पिंजराही गेला असता, आणि त्या पिंजऱ्यावर त्यांचा जीव होता.

पिंजऱ्यात धोका जास्त. साक्षीदाराची नजर तपासणं ही विद्यार्थ्यांची आवडती युक्ती. भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवा म्हणतात, बाकावर कोण बसलंय सांगा म्हणतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, हॉल साफ करायच्या निमित्ताने किल्ली घेऊन दोघं वर जायचे. काकू भिंतीकडे बघून एकेक वाचायच्या आणि ते पाठ करायचे. या वर्षीसुद्धा, आपली शेवटची संधी दुसऱ्या दिवसावर आलेली असताना, काकूंनी त्यांना सगळा हॉल वाचून दाखवला. कॅलेंडरवर तळं आहे, दोन होड्या आहेत, डावीकडची रिकामी आहे. आग विझवायच्या नळकांड्यावर अमुक तारीख आहे. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. परीक्षक इथे बसतील, सर तिथे. दुसऱ्या दिवशी ज्या माणसाला त्यांना हरवायचं होतं, त्याला त्यांनी आपल्या हाताने चिलखत चढवलं.

परीक्षक म्हणून या वेळी एक निवृत्त न्यायाधीश आले होते. नात्याची गोष्ट मी त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "सगळ्यांना साक्षीदार एकच, हा नियम आहे ना? मग राहू द्या. घरच्याची उलटतपासणी जमली तर बाहेरच्यांची जमेलच."

सकाळपासून तीन नंबर रंगात होते. एका मुलाने डोळे बारीक करून विचारलं, "त्या कॅलेंडरवर काय चित्र आहे?"

"तळं आहे. दोन होड्या. डावीकडची रिकामी."

न्यायाधीशांनी मान वळवून कॅलेंडर पाहिलं आणि त्यांनाही मजा वाटली. पुढच्या मुलीने नजर कशी आहे असं सरळच विचारलं. "नजर चांगली आहे," तीन नंबर म्हणाले. फाइलमध्ये तेच उत्तर होतं.

काकूंचा नंबर शेवटचा होता. काळा कोट उसना होता आणि खांद्यांवर ओघळत होता. या वेळी त्या घाबरलेल्या नव्हत्या. प्रश्न सुटसुटीत होते, मनधरणी नव्हती, 'अहो' तर एकदाही नाही. उजेडावर चार प्रश्न विचारले. तीन नंबरांनी रस्त्यावरचा दिवा लागला होता असं सांगून ते भोक बुजवलं. अंतरावर गेल्या, तेही बुजलं. शर्टाच्या रंगावर त्यांनी चांगली पकड घेतली आणि क्षणभर मला वाटलं, निघाल्या. तीन नंबर शांतपणे म्हणाले, "निळा धुऊन राखाडी झाला होता. पोलिसांनी एकदा एक लिहिलं, एकदा दुसरं." नवऱ्याने बायकोला एक पैसाभर सूट दिली नाही. मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो.

तीन मिनिटं उरली. काकूंचे कागद संपले होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, हातात धरला आणि हात वर केला.

"साक्षीदार," त्या म्हणाल्या, "माझ्या हातात..."

आणि थांबल्या. रविवारी वाचून दाखवलेल्या यादीत त्यांचा हात नव्हता. त्या खोलीतला हा एकच प्रश्न असा होता ज्याचं उत्तर तीन नंबरांना येणार नव्हतं, आणि तो फक्त त्यांनाच माहीत होता. वाक्य पुरं झालं असतं तर पाच वर्षं पदरात पडली असती आणि नवऱ्याची नोकरी सगळ्यांच्या देखत गेली असती. मला त्या वेळी इतकंच दिसलं की एक बाई हात वर करून उभी आहे.

"प्रश्न मागे घेते," काकू म्हणाल्या. "आणखी प्रश्न नाहीत." त्यांनी चष्मा परत घातला आणि कागद गोळा करायला लागल्या.

न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब," पिंजऱ्यातून आवाज आला, "माझं एक सांगायचं राहिलं."

बावीस वर्षांत तीन नंबर न विचारता बोलले नव्हते. मी खुर्चीत सरळ झालो.

"नजर चांगली आहे, असं मी सकाळी म्हणालो. ते खोटं होतं. मला दिसत नाही. चेहरे दिसत नाहीत, अक्षर दिसत नाही. कॅलेंडर मला वाचून दाखवलेलं आहे."

हॉलमधली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. काही जण वह्यांत लिहून घेत होते, हा काहीतरी नवा डाव असेल म्हणून. न्यायाधीशांनी फाइल पुढे-मागे चाळली. "न विचारलेल्या उत्तराला किंमत नाही," ते म्हणाले. "आणि हे तर फाइलमध्येही नाही." मग माझ्याकडे वळले. "सर, हे आहे का फाइलमध्ये?"

मला एकदम सगळं दिसलं. मागच्या आठवड्यात मी हातात दिलेलं परिपत्रक त्यांनी न बघता खिशात घातलं होतं. जिन्यात मी नुसती मान हलवली तर ते ओळख द्यायचे नाहीत, आणि मला वाटायचं, माणूस शिष्ट झाला. ग्रंथालयातलं ते हळू आवाजातलं वाचन आठवलं. मी आयुष्यभर पुरावा शिकवला आणि डोळ्यांसमोरचा पुरावा मला दिसला नव्हता.

"आहे, साहेब," मी म्हणालो. "चौथं भोक आहे ते. या वर्षीच घातलं. माझ्या प्रतीत आहे, तुमच्या प्रतीत टाइप व्हायचं राहून गेलं."

न्यायाधीशांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. आयुष्य त्यांनी साक्षीदार ऐकण्यात घालवलं होतं. मग त्यांनी टोपण पुन्हा पेनावर बसवलं. "अजून दोन मिनिटं आहेत," ते काकूंना म्हणाले. "विचारायचं असेल तर विचारा."

काकू पिंजऱ्याजवळ गेल्या. चार पावलांवर उभ्या राहिल्या. प्रश्न मी इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांत सर्वात स्वच्छ होता.

"घटनेच्या संध्याकाळी, चाळीस पावलांवरून, सायकल नेणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्हाला दिसला होता का?"

"नाही," तीन नंबर म्हणाले. "एवढ्या अंतरावरूनही दिसत नाही."

काकूंनी न्यायाधीशांना मान लववली आणि जागेवर जाऊन बसल्या. चाळीसपैकी सव्वीस मिळाले.

मी माझ्यावर खूश होतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन फाइलच्या माझ्या प्रतीत चौथं भोक खरोखरच लिहून काढलं, म्हणजे कोणी मागितली तर दाखवता यावी. संचालकांच्या कानावर काहीही गेलं नाही. गेलं असतं तरी नाटकातलं वाक्य म्हणून सोडून दिलं असतं. काकू पास, नोकरी शाबूत. नियमाला नव्हती ती फट मी स्वतः पाडली होती.

आठवडाभराने तीन नंबर माझ्या खोलीत आले. दाराची चौकट हाताने चाचपून आत आले. आता माझ्यासमोर लपवायचं काही नव्हतं. त्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"संचालकसाहेबांना सांगून आलो," ते म्हणाले. "किल्ल्या तुमच्याकडे द्यायला सांगितल्यात."

"काय सांगितलंत?"

"दिसत नाही म्हणून."

"अहो, पण कशाला?" माझा आवाज चढला. "मी सगळं सांभाळून घेतलं होतं. कोणाला कळलं नव्हतं."

"कळलं होतं, सर. जज्जसाहेबांना कळलं होतं. खोटं बोलताना तुम्ही फार सांगता. आहे म्हणालात तिथे थांबायचं होतं. टाइप व्हायचं राहिलं, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, कारण बाजूने बघितलं की त्यांना माणसाची आकृती तरी दिसायची. तेव्हा ते मला बघत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"ती पास झाली, त्याचं बरंच वाटतं," ते म्हणाले. "तुमचे उपकार आहेत. ती घरी नाव काढते तुमचं."

"मग झालं तर."

"तिने प्रश्न मागे घेतला, सर. पाच वर्षं गेली असती तिची. तरी घेतला. मग मला गप्प बसवेना." त्यांनी जुडग्यावर हात ठेवला आणि उचलला. "बावीस वर्षं मी त्या पिंजऱ्यात खोटं सांगत आलो. ते माझं कामच होतं, त्याचं काही नाही. एकदाच खरं बोललो. तेही तुम्ही फाइलमध्ये घातलंत."

जिन्यात काकू थांबल्या होत्या. त्यांच्या पावलांची चाहूल लागली तसे ते वळले आणि दाराबाहेर गेले.

मी त्यांना हाक मारली नाही. विचारलं तेवढंच सांगायचं असतं, आणि त्यांनी मला काही विचारलेलं नव्हतं.